उजवं काळीज आणि दुसरी झडप

"पोर्साईन म्हंजे कुठली कंपनी?" अक्काताईंनी विचारलं.

बेळगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलची ती तिसऱ्या मजल्यावरची खोली. टेबलाच्या पलीकडं हार्टचे सर्जन डॉक्टर नागेंद्र, त्यांच्या शेजारी त्यांची शिकाऊ डॉक्टर तेजस्वी. अलीकडं शालन मगदूम, तिचा नवरा कुंथुनाथ आणि सासू अक्काताई. पंधराएक वर्षांपूर्वी शालनच्या काळजातली एक झडप बदलली होती. ती आता कडक होऊन निकामी व्हायला आली होती, आणि परत छाती उघडून परत झडप बदलावी लागणार होती. एवढं सांगून झालं होतं. डॉक्टर मूळचे धारवाडकडचे. मराठी त्यांनी शिकून घेतलेली, त्यामुळं प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ यायचा. त्याच स्वच्छ मराठीत ते सहज म्हणून गेले होते की आधीची झडप पोर्साईन होती.

"कंपनी नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "डुक्कर. डुकराच्या हृदयातली झडप असते ती. औषधात ठेवून, स्वच्छ करून माणसाला बसवतात. चांगली चालली की यांना! आता या वेळी काय ते तुम्ही ठरवा. डुक्कर, बैल, की धातू?"

मगदुमांचं घर जैनांचं, निपाणीच्या पूर्वेला, चिकोडीच्या वाटेवरच्या एका गावात. त्या घरात कांदा येत नव्हता, बटाटा येत नव्हता. पाणी गाळल्याशिवाय माठात पडत नव्हतं आणि दिवस मावळल्यावर कुणी तोंडात काही घालत नव्हतं. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर अक्काताई शेतातल्या गड्यांना लांबून वळसा घालायला लावायच्या. अशा घरातल्या सुनेच्या काळजात पंधरा वर्षं डुक्कर होतं.

शालनचा हात आपसूक छातीवर गेला. उजव्या बाजूला. अक्काताईंनी खुर्ची इंचभर बाजूला सरकवली. कुंथुनाथ छताच्या पंख्याकडं असा बघत होता, जसा काही तो त्यानंच बसवलाय आणि पडेल की काय अशी भीती आहे.

"आमाला जरा येळ द्या, डॉक्टर," शेवटी शालनच म्हणाली.

"घ्या की री," डॉक्टर म्हणाले. कानडी 'री' तेवढं त्यांच्या तोंडातून गेलं नव्हतं. "पण फार नको."

शालनचं काळीज उजवीकडं होतं, ही गोष्ट तिच्या लहानपणीच उघडी पडली होती. तिला तेव्हा सारखा ताप यायचा, गुडघे-कोपरं सुजायची. निपाणीच्या डॉक्टरांनी नळी डाव्या बाजूला लावली, ऐकलं, नळी झटकली, परत लावली. मग कंपाउंडरकडून दुसरी नळी मागवली. तीही लावून झाल्यावर त्यांनी तिच्या आईला विचारलं, "पोरगी चालत आली का उचलून आणली?" एक्स-रेवाल्यानं तर फिल्म उलटी पडली म्हणून तीन वेळा फोटो काढला, आणि शेवटी आपल्याच मशीनवर चिडून तो जेवायला निघून गेला. पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिच्या आतलं सगळं आरशात बघितल्यासारखं आहे. काळीज उजवीकडं, लिव्हर डावीकडं, अपेंडिक्सपण डावीकडं. त्यात आजार काही नाही, फक्त ज्याला त्याला सांगत जा.

ती सांगत गेली, पण ऐकतंय कोण! ईसीजी काढायला गेलं की ती म्हणायची, "मावशी, वायरी उजवीकडं लावा." त्यावर "गप पड गं, आमाला शिकवू नको," आणि मग कागद बघून पळापळ.

लग्न ठरताना तिच्या वडिलांनी मगदुमांना बैठकीत सांगितलं होतं, "पोरीचं काळीज उजवीकडं हाय बरं का. नंतर बोलायचं न्हाय." तेव्हा नवरदेव कुंथुनाथ, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "हाय न्हवं? मग झालं."

काळजाच्या जागेनं तिला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो त्या लहानपणच्या तापानं. त्यानं आतली झडप हळूहळू आकसून टाकली होती. लग्नानंतर दोनेक वर्षांत जिना चढताना तिला दम लागायला लागला आणि एक दिवस शेतातच ओठ निळे पडले. कोल्हापूरला नेलं, तिथं तातडीनं ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन वर्षांनी अनुराधा झाली. नवस-बिवस काही न करता झाली, म्हणून शालनला त्या झडपेचं कौतुक होतं. तिला वाटायचं, काहीतरी रबराचं असणार.

वृषभच्या गाडीतून ते परत निघाले. वृषभ हा कुंथुनाथच्या चुलतभावाचा मुलगा. त्याला आत काय झालं ते माहीत नव्हतं, त्यामुळं काकती येईपर्यंत तो एकटाच बोलत होता. वंटमुरीचा घाट आला तसं अक्काताईंनी तोंड उघडलं.

"पंधरा वर्सं हिच्या हातचं मी जेवलोय."

"आत्ती, सैपाक हातानं करतो मी. काळजानं न्हवं."

"मुनी महाराजास्नी आहार दिलाय ह्याच हातानं!"

"मग मी काय करू? मला कुणी सांगितलंय?"

यावर वृषभनं आरशातून मागं बघितलं. मागच्या सीटवर कुंथुनाथ खिडकीच्या काचेला डोकं टेकून बसला होता. संकेश्वरला चहाला गाडी थांबली. अक्काताई बाहेरचा चहा घेत नसत, त्या गाडीतच बसल्या. टपरीच्या बाकड्यावर कुंथुनाथ खाली मान घालून म्हणाला, "मला ठाव हुतं."

शालननं चहाचा कप बाकड्यावर ठेवला.

"तुला स्ट्रेचरवर घातलेलं. डॉक्टर म्हणाले, धातूची बसवली तर जन्मभर रक्त पातळ करायची गोळी, आन त्या गोळीवर पोर हुणं लई धोक्याचं. डुकराची बसवली तर पोर हुईल, पर झडप दहा-पंधरा वर्सं टिकंल. तू तर रोज पोर पोर करायचीस. मी म्हटलं, बसवा."

"मग मला सांगायचं न्हाय?"

"सांगितलं असतं तर काढून टाका म्हणाली असतीस."

शालननं विचार केला. खरंच म्हणाली असती. त्यामुळं तिला जास्तच राग आला.

मग तिला एकेक आठवायला लागलं. त्या ऑपरेशनानंतर कुंथुनाथनं कधी कुणाला 'डुकरा' म्हणून शिवी दिली नव्हती. गडी चुकला तरी 'गाढवा' म्हणायचा. गावात मोकाट डुकरं वाढली म्हणून पंचायतीनं पकडायची गाडी बोलावली, तेव्हा हा एकटा उठून आडवा उभा राहिला होता. "मुकं जनावर हाय, त्येनं कुणाचं काय घेतलंय?" असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते. गावाला वाटलं, केवढा हा अहिंसेचा विचार! पुढं बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, पंचकल्याणक उत्सवाच्या वेळी समाजानं शाल घालून त्याचा सत्कार केला होता. ती शाल घरात अजून पेटीत होती.

"शाल घेताना तरी लाज वाटली न्हाय?" शालननं विचारलं.

"वाटली की," कुंथुनाथ म्हणाला. "म्हणून तर कधी अंगावर घेतली न्हाय."

घरी गेल्यावर अनुराधाला सांगावंच लागलं. ती आठवीत, इंग्रजी शाळेत, सगळ्याचा हिशोब लावणारी. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे डुकराची बसवली नसती तर मी झालेच नसते?" अक्काताईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण त्या नातीवर नको इतका जीव लावून बसल्या होत्या. त्यांनी तिला जवळ ओढून तिची वेणी घालायला घेतली.

दोन दिवसांत गावाला कळलं. वृषभनं कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त आपल्या बायकोला. मग माणसं बघायला यायला लागली. आजारी माणसाला बघायला येतात तशीच यायची, केळी घेऊन, पण बसल्यावर मत द्यायची. शेजारच्या आण्णाप्पांचं म्हणणं, "बैलाचं घ्या. बैल म्हंजे आपला शेतकऱ्याचा, आपल्याला कळंल त्येला काय पायजे." दुसरा कुणी म्हणायचा, धातू गंजतो, पावसाळ्यात काय कराल? निपाणीच्या एक बाई तर विचारून गेल्या की झडप गावरान डुकराची होती का विलायती. विलायती म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. आण्णाप्पांनी जाता जाता असंही म्हटलं, "पयलं ऑपरेशन महाराष्ट्रात, दुसरं कर्नाटकात. पोरीचं काळीजपण सीमाभागात आलं म्हणायचं." आणि आपल्याच बोलण्यावर हसत ते दारापर्यंत गेले.

शालन हसली नाही. तिला पायऱ्या चढवेनाशा झाल्या होत्या. पाय सुजायचे, आडवं पडलं की गुदमरायला व्हायचं, ती भिंतीला टेकून बसून झोपायची. आणि अक्काताईंनी तिला न सांगता तिचा हात देवपूजेच्या भांड्यांना लागू देणं बंद केलं होतं. भांडी आधीच उचलून ठेवलेली असायची. त्यावर बोलायचं कुणी, म्हणून दोघी बोलत नव्हत्या.

शेवटी शालनच म्हणाली, "आत्ती, माताजींना इचारूया."

शेजारच्या गावच्या बस्तीत एका म्हाताऱ्या आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, मुक्काम होता. शुभ्र साडी, हातात मोरपिसांची पिंछी, आवाज इतका बारीक की पुढं वाकून ऐकावं लागायचं. शालननं सगळं सांगितलं, पंचायतीच्या गाडीसकट. माताजी ऐकत राहिल्या. एकदा त्यांनी पिंछी तोंडापुढं धरली. शालनला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं की त्या हसल्या होत्या.

"बसवली तेव्हा तुला माहीत होतं?"

"न्हाय माताजी."

"आता काय वाटतंय?"

शालनला कुणी हे विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी मतं दिली होती. "किळस न्हाय वाटत," ती म्हणाली. "आदी वाटली. आता वाटतंय, त्या जिवाची क्षमा मागावी. पर तो तर कवाच मेला."

"कुठल्यातरी जन्मात असेल की. तुला जिथं वाटतं तिथं माग."

अक्काताईंनी घसा खाकरला. "आन आहाराचं काय, माताजी?"

"आधी तिला बरी करून आणा," माताजी म्हणाल्या. "मेलेली सून आहार कसा देणार?"

निपाणीत आठवडी बाजाराच्या मैदानामागं एक ओढा जातो. ओढा म्हणायचा, पाणी गटारीचंच. त्याच्या काठाला मष्णू नावाचा माणूस डुकरं पाळायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी वृषभची गाडी तिथं थांबली आणि त्यातून चांगली इस्त्रीची साडी नेसलेली शालन उतरली. मागनं कुंथुनाथ. मष्णूनं लांबूनच बघितलं, आणि ही माणसं नगरपालिकेतली, असं समजून त्यानं आधीच बोलायला सुरुवात केली.

"बाई, वास आमच्या जनावरांचा न्हवं, तो वरच्या हॉटेलाच्या पाण्याचा. कालच सायबास्नी सांगितलंय. मी समदी आत बांधून घालतो."

"मी तक्रार करायला आलो न्हाय," शालन म्हणाली.

"मग इकत घेणार काय?" मष्णूनं तिच्या साडीकडं, गळ्यातल्या सोन्याकडं, कपाळावरच्या गंधाकडं बघितलं आणि त्यालाच आपला प्रश्न पटेना.

"मला एका डुकराची क्षमा मागायची हाय."

मष्णूनं कुंथुनाथकडं बघितलं. कुंथुनाथनं मान हलवून 'खरं आहे' असं सांगितलं. "कुठल्या?" मष्णू म्हणाला. "ह्यातलं कुणी तुमचं कायतरी खाल्लं का?"

"न्हाय. मीच त्येचं घेतलंय." मग तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मष्णू उकिडवा बसून ऐकत होता. झडपेपर्यंत आल्यावर त्यानं तंबाखू मळायची थांबवली.

"ते डुक्कर कुठलं?"

"परदेशातलं."

"मग हेला काय कळणार? ह्यो निपाणीचा." जवळच्या एका डुकराकडं बोट दाखवून तो म्हणाला, मग उठून एका मोठ्या, एक कान फाटलेल्या डुकरिणीकडं गेला. "हिला इचारा. ही म्हातारी हाय. समदी हिचीच पिल्लं. परदेशातली असली तर मला ठाव न्हाय."

शालननं पदर डोक्यावरून घेतला, चपला काढल्या, त्या चिखलात हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, "उत्तम क्षमा." पर्युषणानंतर क्षमावाणीच्या दिवशी घरोघरी एकमेकांना म्हणतात तसंच. डुकरीण उकिरड्यातलं काहीतरी चावत होती. तिनं वर बघितलं, शालनच्या दिशेला दोन पावलं आली, तिच्या काढून ठेवलेल्या चपलेचा वास घेतला आणि एक चप्पल तोंडात धरून चालायला लागली.

"ए, ए!" करत मष्णू मागं धावला. कुंथुनाथही धावला. चप्पल परत मिळाली तेव्हा ती घालण्यासारखी राहिली नव्हती. मष्णू ओशाळून म्हणाला, "राग धरू नका बाई. मी भरून देतो."

"ऱ्हाऊ दे की," शालन म्हणाली. ती हसत होती, दम लागत असतानाही हसत होती. कुंथुनाथनं तिला किती दिवसांनी हसताना बघितलं होतं! ती अनवाणीच गाडीत येऊन बसली. मष्णू खिडकीशी आला. "आमी पण दवाखान्यात जातो कवाकवा," तो म्हणाला. "आमाला कुणी 'काय बसवू' असलं इचारलं न्हाय."

झडपेचा निर्णय डॉक्टरांनीच सोपा केला. ते म्हणाले, "जनावराची घेतली तर काही वर्षांनी तिसऱ्यांदा उघडावं लागेल. ती वेळ आणू नका री. आता पोर व्हायचं नाही, धातूची घ्या." मग त्यांनी स्कॅन दाखवून सांगितलं की खरी अडचण झडप नाही, दार आहे. पहिल्या ऑपरेशनानंतर काळीज छातीच्या हाडाला आतून चिकटलं होतं. हाड कापताना काळजाला कट बसला तर रक्त थांबवणं अवघड. म्हणून आधी जांघेतल्या रक्तवाहिनीतून काळजाचं काम करणारं मशीन जोडून तयार ठेवायचं आणि मग अगदी हळू उघडायचं. आणि हे सगळं आरशातल्यासारखं. "मी आयुष्यभर पेशंटच्या उजव्या अंगाला उभा राहिलोय. तुमच्यासाठी डावीकडे उभा राहणार."

"मग तुमाला जमंल का?" अक्काताईंनी विचारलं.

"सराव करतो, आजी."

सराव म्हणजे काय ते शालन भरती झाल्यावर मंगल सिस्टरनं वॉर्डात येऊन तिला सांगितलं. सिस्टर लोंढ्याची, ऑपरेशन थिएटरातली जुनी, बोलायला मोकळी. रविवारी थिएटर रिकामं असताना सगळ्यांना बोलावलं होतं. तेजस्वी डॉक्टर पेशंट म्हणून टेबलावर आडवी पडली. डॉक्टर डावीकडं, मशीन उजवीकडं. मशीन तिकडं नेलं तर वायर प्लगापर्यंत पोचेना. एक्स्टेन्शन आणलं तर त्यात सिस्टरचा पाय अडकला. "वीस वर्षं मी डॉक्टरांच्या समोर उभी राहते," सिस्टर म्हणाली. "काही मागितलं की हात जातोच. परवा त्यांनी कात्री मागितली, आणि मी दिली ती पेशंटच्या हातात. तेजस्वीनं घेतली पण! म्हणाली, थँक्यू." आता जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या, कुणी कुठं उभं राहायचं त्याच्या.

मधल्या दिवसांत डॉक्टरकी शिकणारी पोरं-पोरी शालनकडं झुंडीनं यायची. एकदा तर मोठ्या सरांनी तिलाच परीक्षेला ठेवलं. पोरं एकेक करून यायची, डावीकडं नळी लावायची आणि घामाघूम व्हायची. सर मागं हात बांधून बघत उभे. शालनला पहिल्या पोराची दया आली. दुसऱ्याच्या वेळी तिला खोकला आला आणि खोकताना तिनं उजवी बाजू दाबून धरली. तिसऱ्याच्या वेळी परत आला. त्या दिवशी दुसऱ्यापासून सगळी पास झाली. सर खूश होऊन म्हणाले की ही बॅच हुशार आहे, आणि हिच्या खोकल्याचं तेवढं बघा.

ऑपरेशनाच्या सकाळी तेजस्वीनं जांभळ्या पेननं तिच्या छातीवर उजवीकडं बाण काढला. थोड्या वेळानं दुसरी सिस्टर आली, तिनं हे काय घाण लागलंय म्हणून औषधानं पुसून काढला. तेजस्वीनं परत काढला. शालन म्हणाली, "पोरी, मी जागी हाय तोवर सांगीन. झोपल्यावर तुमचं तुमी बघा."

मग स्ट्रेचर हलायला लागलं. अनुराधा हात धरून चालत होती. शालनला तिला काहीतरी मोठं सांगायचं होतं. तोंडातून आलं ते असं, "लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू नको. आज्जीला जिन्यावरनं एकटी सोडू नको." मग कुंथुनाथ वाकला. "मी हितंच हाय," तो म्हणाला. ती म्हणाली, "या वेळी कायबी बसवलं तर मला सांगा." आणि दार लागलं.

आत सगळे आपापल्या पट्टीवर उभे होते, नाटकात उभे असल्यासारखे. डॉक्टर सवयीनं उजवीकडं आले, थांबले, आणि टेबलाला वळसा घालून डावीकडं गेले. तेवढं तिनं बघितलं.

उघडायलाच सकाळ गेली. चिकटलेलं काळीज हाडापासून कागद सोडवावा तसं सोडवलं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मध्ये एकदा रक्त आलं, थांबलं. बाहेर कुंथुनाथ आणि अक्काताई बाकड्यावर बसून होते. अक्काताई जप करत होत्या. दुपारनंतर तेजस्वी बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडाकडं बघून दोघांनाही कळेना की ही रडतेय का हसतेय. ती जांभई देत होती. "झालं," ती म्हणाली. "छान झालं."

शालन वॉर्डात आल्यावर तिनं पहिली मागणी केली ती जुनी झडप बघायची. झडप लॅबमध्ये तपासणीला जाणार होती, नियम होता. पण मंगल सिस्टरनं जाण्याआधी आणून दाखवली. छोटी बाटली, पाण्यासारखं औषध, त्यात नाण्याएवढी एक गोल चकती. तीन पातळ पाकळ्या, चुन्यानं पांढऱ्या, ताठ झालेल्या. एक फाटली होती.

"एवढंसं?" शालन म्हणाली.

ती काही बोलायच्या आत अक्काताई पुढं आल्या. त्यांनी चष्मा पुसला, बाटली डोळ्यांजवळ धरली, फिरवून फिरवून बघितली. "पंधरा वर्सं," त्या म्हणाल्या. "झोप न्हाय, सुट्टी न्हाय. आपल्या घरचा गडी एवढा राबला असता तर त्येला धोतरजोडी दिली असती." मग त्यांनी बाटली पलंगाच्या टेबलावर ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर पूजेची भांडी अक्काताईंनी शालनच्या हातात दिली, घासायला.

मग गोळीची पंचाईत. धातूच्या झडपेला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज लागते. हॉस्पिटलात ती दिवस मावळल्यावर द्यायचे, आणि शालन तोंड उघडायची नाही. डॉक्टरांनी वेळ बदलून संध्याकाळच्या जेवणाला जोडून दिली. मग आहारवाल्या बाई आल्या. पालेभाजीनं त्या गोळीवर परिणाम होतो, त्या म्हणाल्या, म्हणून पालेभाजी एक दिवस भरपूर, एक दिवस बंद, असं करायचं नाही.

"चातुर्मासात आमी पाला खात न्हाय," शालन म्हणाली.

"आणि इतर वेळी?"

"खातो की. मेथी म्हंजे माझा जीव."

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. फोन डॉक्टरांना गेला, डॉक्टरांचा तेजस्वीला, तेजस्वी वर आली. बरीच चर्चा झाली. त्यात अक्काताईंनी अचानक सांगून टाकलं, "बाराही महिने चातुर्मास पाळ. मीबी पाळतो तुझ्यासंगं." डॉक्टर म्हणाले, चालेल, मग गोळी तुमच्या जेवणाला जुळवू, पण मध्येच धरसोड नको आणि रक्त तपासायला वेळच्या वेळी या. अक्काताईंनी मेथी सोडली ती तेव्हापासून. शालनपेक्षा त्यांनाच ती जास्त आवडायची हे शालनला तेव्हा कळलं, कारण बाजारातून मेथीची पेंढी जाताना दिसली की त्या मान फिरवायच्या.

नवी झडप वाजते. घड्याळासारखी बारीक टिकटिक. बस्तीत सगळे डोळे मिटून जपाला बसले की ऐकू येते. पहिल्यांदा लोक मनगटं चाचपायचे. आता पोरं तिच्याजवळ बसायला धडपडतात. तिथं झोप येत नाही म्हणे. निपाणीत ईसीजी काढणाऱ्या बाई मात्र अजून वायरी डावीकडंच लावतात.

चार-पाच महिन्यांनी डॉक्टरांनी कामाला परवानगी दिल्यावर शालननं गोठ्यात म्हशीची धार काढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ती खाली बसून म्हशीच्या अंगाला टेकली, टिकटिक सुरू झाली, आणि म्हशीनं बादलीला लाथ घातली. आठवडाभर तेच. शालन गाणं म्हणून बघायची, रेडिओ लावायची. मग एक दिवस म्हैस कान हलवत गप उभी राहिली आणि भरभरून दूध दिलं. त्यानंतर त्या म्हशीला सवयच झाली. आता कुंथुनाथ धारेला बसला तर ती पान्हवत नाही, मान वळवून बघत राहते.

गेल्या पावसाळ्यात शालन रक्त तपासायला बेळगावला गेली होती, तेव्हा कुंथुनाथ अनुराधाचं गजराचं घड्याळ घेऊन गोठ्यात गेला. ते त्यानं सदऱ्याच्या आत, उजव्या बाजूला धरलं आणि म्हशीला टेकून बसला. म्हशीनं मान वळवून बराच वेळ ऐकलं. मग ती शेपटी उचलून बाजूला झाली आणि शेण टाकलं. कुंथुनाथ बादली घेऊन उठला आणि शालन येणार त्या संध्याकाळच्या गाडीची वाट बघत पायरीवर जाऊन बसला.